जबाबाची प्रत

माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त होतो, पण सरकारी नोकरी माणसातून सहजासहजी जात नाही. वसंतराव परभणीकरांना महसूल खात्यातून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, तरी मलकपेठेतल्या त्यांच्या घरी दूधवाल्याबद्दलची तक्रारसुद्धा तारीख घालून लिहिली जायची. गच्चीवरच्या टाकीचा नळ कुणी उघडा ठेवला याची चौकशी निघाली की त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंना आपली बाजू मांडण्याची रीतसर संधी मिळायची. लोक हसायचे. पण हसणारेही अडचण आली की त्यांच्याकडेच यायचे. नोकरीच्या पस्तीस वर्षांत त्यांनी चाळीसेक खातेनिहाय चौकश्या केल्या होत्या आणि त्यांच्या एकाही निकालाला कोर्टात धक्का लागला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. म्हणूनच पुढे जे झालं ते सांगायला मला जड जातं. दुष्ट माणसाच्या हातून वाईट झालं असतं तर ही गोष्ट लिहिण्याची एवढी गरज नव्हती.

तेलुगू मुलुखातल्या या शहरात, सुलतान बाजारामागच्या गल्लीत मराठी मंडळाचं जुनं सभागृह आहे. वसंतराव त्याचे कार्यवाह. दर रविवारी सकाळी तिथे मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा. कोंडापूर, गच्चीबावलीकडे राहणारी, पुण्या-मुंबईहून कंपन्यांत नोकरीला आलेली कुटुंबं मुलांना गाडीने आणून सोडायची आणि वर्ग सुटेपर्यंत बेगम बाजारात मसाल्याची, सुक्या मेव्याची खरेदी उरकायची. मुलं घरी मराठी बोलत, पण वाचायला बसली की एकेका अक्षरावर अडखळत. त्यांना शिकवायची माधवी धर्माधिकारी. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि वर्गाचं काम हौसेने करायची.

सायली नऊ वर्षांची होती. वाचनात सगळ्यांत मागे आणि गोष्ट सांगण्यात सगळ्यांत पुढे. फेब्रुवारी संपत आला होता, पंखे गरगरत होते, आणि ही पोरगी लांब बाह्यांचा जाड स्वेटर घालून बसली होती. बसली होती म्हणणंही खरं नाही, ती बाकाच्या कडेला टेकून उभी होती. वर्ग सुटल्यावर माधवीने तिला पाणी दिलं आणि काही दुखतंय का एवढंच विचारलं. सायलीने थोडा वेळ दाराकडे पाहिलं आणि एक बाही वर केली.

दंडावर वायरचे वळ होते. काही ताजे, काही पिवळे पडलेले. बाबा चार्जरच्या वायरने मारतात, तिने सांगितलं, नव्वदच्या खाली मार्क आले की. कधी कधी मार्क आलेले नसतानाही. आई मध्ये पडली की आईला खोलीबाहेर काढून दार लावून घेतात. हे सगळं तिने हळू आवाजात, पण नीट सांगितलं. सांगून झाल्यावर ती रडली.

माधवीने तिची बाही हलकेच खाली केली. मुलांच्या मदतीसाठी १०९८ नंबरचा फोन असतो, हे तिने बसथांब्यावर कित्येकदा वाचलेलं होतं. पण सायली मंडळाच्या सभासदाची मुलगी, वर्ग मंडळाचा, म्हणून आधी कार्यवाहांच्या कानावर घालावं असं तिला वाटलं. ती वसंतरावांच्या खोलीत गेली आणि म्हणाली की मला आत्ताच्या आत्ता फोन करायचा आहे. वसंतरावांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मुलीचं ऐकून त्यांनाही वाईट वाटलं होतं, डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला होता. मग तो परत घालून ते म्हणाले,

"माधवी, आरोप झाला म्हणजे तो सिद्ध झाला असं होत नाही. पोलीस एकदा दारात गेले की त्यांना परत बोलावता येत नाही. लेकरू वाढवून सांगत असेल तर एका चांगल्या घराचा सत्यानाश होईल. आधी तहकिकात होऊ दे."

माधवीने वाद घातला. पण समोर होते ते वडिलांच्या वयाचे, सगळ्या मंडळाने ज्यांचा शब्द मानला असे गृहस्थ. चौकशी गुप्त राहील, तूही कुणाकडे बोलू नकोस, असं त्यांनी बजावलं आणि ती गप्प बसली. या गप्प बसण्याचा हिशेब माधवी आजही स्वतःला देते आहे. वाचकहो, तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे प्रत्येकाने आपल्याशी खरं बोलून पाहावं.

चौकशी समिती तिघांची झाली. अध्यक्ष वसंतराव. एक महिला सभासद हवी म्हणून प्रमिलाबाई, ज्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तिसरे मंडळाचे खजिनदार. फाईल उघडली गेली, तिला क्रमांक पडला.

पुढच्या रविवारी सायलीला वर्गातून उठवून खोलीत नेलं. तिच्यासाठी कराचीवाल्याच्या बेकरीतली फळांची बिस्किटं आणून ठेवली होती. वसंतराव मायेने विचारत होते. कोणत्या वारी, किती वेळा, कोणत्या हाताने, वायर काळी की पांढरी. सायलीने रडत रडत सांगितलं. खजिनदार त्या दिवशी लग्नाला गेले होते, म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी सगळं पहिल्यापासून पुन्हा. त्या दिवशी ती रडली नाही, वर पंख्याकडे बघत बोलली. पहिल्या वेळी तिने मंगळवार म्हटलं होतं, आता गुरुवार म्हणाली. खजिनदारांनी ते दाखवून दिलं आणि वसंतरावांनी समासात लिहून ठेवलं. तिसऱ्या रविवारी ती पाढे म्हणावेत तशी उत्तरं देत होती. मुलगी आता शांतपणे बोलते, अशी नोंद झाली. समितीला हे चांगलं लक्षण वाटलं.

त्याच दिवशी जबाबावर सही घ्यायची होती. वसंतरावांनी जबाब त्यांच्या वळणदार अक्षरात तयार केला होता. "सदर अर्जदार हिने असे कथन केले की" इथून तो सुरू होत होता. वाचून पाहा आणि सही कर, असं ते म्हणाले.

"आजोबा, मला एवढं मराठी रीड नाही करता येत," सायली म्हणाली.

म्हणून प्रमिलाबाईंनी तिला शेजारी घेऊन वाचून दाखवलं. अर्जदार कोण, असं तिने मध्येच विचारलं. तूच, बाळा, असं त्या म्हणाल्या. सायलीने इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. तोवर वसंतराव बाहेर जाऊन पाकीट तयार करत होते.

आता पाकिटाचं सांगतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोपाची प्रत द्यावी, त्याला उत्तराची मुदत द्यावी आणि त्याचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, हा चौकशीचा पहिला नियम. हा नियम पाळला नाही म्हणून इतरांच्या कित्येक चौकश्या कोर्टात पडल्या होत्या. वसंतरावांची एकही पडली नव्हती. त्यांनी जबाबाची समासातल्या नोंदींसकट प्रत केली, तिच्यावर मंडळाचा शिक्का मारला, सोबत सौजन्याचं पत्र जोडलं, पंधरा दिवसांत खुलासा करावा असं लिहिलं, पाकिटावर 'गोपनीय' घातलं. आणि वर्ग सुटताना सायलीला न्यायला आलेल्या तिच्या वडिलांच्या हातात, अनिकेतच्या हातात, ते स्वतः नेऊन दिलं. माधवी तेव्हा आत फळा पुसत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

अनिकेत एका मोठ्या कंपनीत मॅनेजर होता. नीटनेटका, मृदू बोलणारा, मंडळाच्या गणेशोत्सवात पहाटेपासून राबणारा. त्याने पाकीट खिशात ठेवलं आणि हसून, वाचतो नक्की, काका, असं म्हटलं. सायली गाडीत पुढे बसली. त्याने वाकून तिचा पट्टा लावला. गाडी कोठी चौकाच्या दिशेने वळेपर्यंत वसंतराव दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी फाईलवर लिहिलं, 'प्रत समक्ष दिली.'

पुढच्या रविवारी सायली आली नाही. त्याच्या पुढच्या रविवाराआधी, शुक्रवारी, अनिकेतचा खुलासा आला. सुबक टाईप केलेला, एक पानाचा. मुलीला मनाने गोष्टी रचण्याची सवय आहे, मंगळवार की गुरुवार हेसुद्धा तिला नक्की सांगता आलेलं नाही हे समितीने स्वतः नोंदलं आहे, हवापालटासाठी तिला पुण्याला आत्याकडे पाठवलं आहे, आणि झाल्या प्रकाराने मन दुखावल्यामुळे आम्ही मंडळाचं सभासदत्व सोडत आहोत. वसंतरावांनी खुलासा फाईलला लावला. रविवारी त्यांनी निष्कर्षाचा कच्चा मसुदा केला, 'आरोप सिद्ध होत नाही.' त्यांच्या बाजूने काम पूर्ण झालं होतं. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं होतं, आणि तसं वाटावं याची मला चीड येते.

माधवीला मात्र झोप लागत नव्हती. तिने सायलीच्या आईला, वृषालीला, तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा, सोमवारी सकाळी, तो उचलला गेला. वृषाली एकच वाक्य बोलली. सायली मंडळात जे बोलली ते अक्षरन् अक्षर अनिकेतच्या हातात कसं आलं, असं तिने विचारलं आणि फोन ठेवला.

माधवीने कॉलेजला रजा टाकली आणि रिक्षा करून मलकपेठेला आली. वसंतराव पेपर वाचत होते. प्रमिलाबाई ताटात अंबाडीची पानं निवडत होत्या.

"काका, तुम्ही तिचा कागद त्यालाच दिलात?" माधवीने विचारलं. ती दारातच उभी होती.

वसंतरावांनी तिला नियम सांगायला सुरुवात केली. नैसर्गिक न्याय, दोन्ही बाजू, कोर्टाचे निकाल. ते सांगत होते आणि प्रमिलाबाईंचे हात ताटात थांबले होते. प्रत गेल्याचं त्यांनाही आत्ताच कळत होतं. वसंतरावांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या बोलल्या.

"सही केल्यावर तिने मला विचारलं होतं, आजी, हे कुठे ठेवणार? मी म्हटलं, कपाटात, कुलूप लावून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं हो."

त्यांनी ताट बाजूला सारलं आणि पदरात तोंड लपवलं. वसंतरावांनी हातातला पेपर खाली ठेवला. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी प्रमिलाबाईंना असं मोडून पडलेलं पाहिलं नव्हतं. कपाट, कुलूप, डोक्यावर हात, यातलं काहीच फाईलमध्ये नव्हतं. मूल काय बोललं ते सगळं त्यांनी लिहून घेतलं होतं आणि मुलाने काय मागितलं ते लिहायचं राहून गेलं होतं. ते उठले, फोनपाशी गेले, आणि माधवीला नंबर सांग म्हणाले.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. आधी तेलुगूत, मग हिंदीत. वसंतरावांनी फाईल उघडून क्रमाने सांगायला घेतलं, अमुक तारखेला अमुक प्रकारची तक्रार प्राप्त झाली. बाईने त्यांना मध्येच थांबवलं.

"साब, फाइल बाद में देखेंगे. बच्ची अभी कहाँ है, वो बोलो."

वसंतरावांना ते माहीत नव्हतं. पुण्याला असल्याचं कळवण्यात आलं आहे, असं ते म्हणाले. कुणी कळवलं, असं तिने विचारलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्यानेच, असं त्यांना सांगावं लागलं. तिने मुलीचं नाव, वय, घरचा पत्ता, शाळा विचारून घेतली. तुमचं नाव गुप्त राहील असं सांगितलं, आणि आता कुणीही त्या घरी फोन करू नका, कुणाला काही कळवू नका असं दोनदा बजावलं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली असतील.

सायली पुण्याला गेलेलीच नव्हती. दुपारी बाल संरक्षण कक्षाची माणसं आणि एक महिला पोलीस कोंडापूरच्या फ्लॅटवर गेली तेव्हा ती आतल्या खोलीत होती. पंधरा दिवस तिला शाळेत पाठवलेलं नव्हतं. डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं. जिन्यावरून पडली असं दवाखान्यात सांगितलं होतं. मनगट कोणत्या दिवशी मोडलं, हे वृषालीने त्या संध्याकाळी पोलिसांपुढे सांगितलं. ज्या रविवारी पाकीट दिलं गेलं त्याच रविवारी. याहून जास्त मी लिहिणार नाही, कारण त्या मुलीने ते पुरेशा लोकांना सांगून झालं आहे.

पुढचं काम मग रीतीने, पण लगेच झालं. डॉक्टरांची तपासणी, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करणं, वडिलांवर गुन्हा. समितीने सोलापूरहून वृषालीच्या आईला बोलावून घेतलं आणि सायलीला त्या आजीच्या ताब्यात दिलं. वृषालीला समुपदेशन सुरू झालं. या सगळ्याला कुणाला एक पैसा द्यावा लागला नाही की कुणाची ओळख काढावी लागली नाही. ही सगळी माणसं, हे सगळे कागद, हा फोन, त्या पहिल्या रविवारीही याच शहरात होते.

आठवड्याने वसंतरावांना बाल संरक्षण कक्षात जबाबासाठी बोलावणं आलं. तिथे सायलीचं प्रकरण त्रिवेणी नावाची समुपदेशक पाहत होती. आई मराठी, वडील तेलुगू, वय पस्तीसच्या आसपास. तिने त्यांची फाईल अगोदर वाचून ठेवली होती. वसंतरावांनी बसल्या बसल्या आपली बाजू मांडली. माझा हेतू वाईट नव्हता, बापालाही बोलायचा हक्क आहे, पस्तीस वर्षं मी हाच नियम पाळला. त्रिवेणीने सगळं ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"अंकल, तुमच्या दफ्तरातल्या चौकशीत तक्रार करणारा शाम को आपल्या घरी जात होता, आणि ज्याच्यावर आरोप तो आपल्या घरी. सायली कुणाच्या घरी गेली?"

त्रिवेणी पुढे म्हणाली,

"बापाला हक्क आहे, हौ. ते कोर्ट बघेल. त्याला वकील मिळेल, प्रत मिळेल, सगळं मिळेल. पण त्याच्या आधी लेकराला त्याच्या हाताबाहेर काढतात, मग प्रत देतात. तुम्ही उलटं केलं. आणि तुम्ही तिला तीनदा विचारलं. मूल एकदा सांगतं तेव्हा जीव काढून सांगतं. परत विचारलं की त्याला वाटतं, पहिलं यांना पटलं नाही. मंगळवारचा गुरुवार होतो. आता उद्या त्याचा वकील तुमचीच फाईल कोर्टात दाखवेल."

फाईलचा असा उपयोग होऊ शकतो, हे वसंतरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांची एकही चौकशी कोर्टात पडली नव्हती. ही चौकशी आता मुलीच्याच विरुद्ध उभी राहणार होती. मग, आम्ही काय करायला हवं होतं, असं त्यांनी विचारलं. पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाला असा प्रश्न विचारला नसावा.

त्रिवेणीने सांगितलं ते फार अवघड नव्हतं. मूल सांगतं तेव्हा तपास करायचा नाही, ऐकायचं. सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, एवढं म्हणायचं. कुणालाच सांगणार नाही असं खोटं वचन द्यायचं नाही, जे मदत करू शकतात त्यांनाच सांगेन असं म्हणायचं. मग फोन करायचा. नुसता संशय असला तरी करायचा, कारण खरं-खोटं पाहणं फोन करणाऱ्याचं काम नाही. आणि त्याला मंडळाची, मुख्याध्यापकाची, कार्यवाहाची, कुणाचीही परवानगी लागत नाही. हे शेवटचं वाक्य वसंतरावांनी पुढे माधवीला जसंच्या तसं सांगितलं. ती मान हलवून दुसरीकडे पाहू लागली.

निघताना, एकदा सोलापूरला जाऊन सायलीची माफी मागता येईल का, असं त्यांनी विचारलं.

"नको, अंकल," त्रिवेणी म्हणाली. "तुमचं मन हलकं करायचं काम त्या लेकराचं नाही."

बाहेरच्या टेबलावर त्यांचा जबाब टाईप होऊन आला होता. वाचून पाहा आणि सही करा, असं लिपिक म्हणाला. वसंतरावांनी चष्मा लावला आणि शब्दन् शब्द वाचला. एका ठिकाणी लिहिलं होतं, "मी मुलीच्या जबाबाची प्रत तिच्या वडिलांना नजरचुकीने दिली." लिपिकाने त्यांच्या वयाकडे बघून तो शब्द आपल्या मनाने घातला असावा. वसंतरावांनी पेन काढलं, 'नजरचुकीने' वर काट मारली, समासात 'विचारपूर्वक' लिहिलं आणि तिथे छोटी सही केली. मग खाली पूर्ण सही केली. लिपिकाने कागद उचलून फाईलला लावला.

एप्रिलमध्ये मंडळाची सभा झाली. वसंतरावांनी आपल्या हातून काय झालं ते उभं राहून सांगितलं, काही न लपवता. सायलीचं नाव त्यांनी घेतलं नाही, आपलं घेतलं. कार्यवाहपद सोडलं. मागच्या रांगेतून कुणी तरी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं म्हणालं. प्रमिलाबाई उठल्या आणि म्हणाल्या की घरातली म्हणूनच ती एवढे दिवस चालली. मे महिन्यात त्रिवेणी येऊन सगळ्या पालकांशी आणि शिक्षकांशी दोन तास बोलून गेली. आता मंडळात मुलांच्या तक्रारीची चौकशी होत नाही. माधवीच्या टेबलापाशी भिंतीवर १०९८ लिहिलेलं आहे, आणि एकदा त्या नंबरवर फोन झालाही आहे. तो कुणाबद्दल होता हे मंडळात माधवीखेरीज कुणालाही माहीत नाही, आणि तेच योग्य आहे.

या गोष्टीचा शेवट गोड करता आला असता तर मला आवडलं असतं. खटला अजून चालू आहे. सायली सोलापूरला शाळेत जाते. मनगट जुळून आलं आहे, थंडीत दुखतं. दर आठवड्याला तिथल्या समुपदेशक बाईंकडे तिला आजी घेऊन जाते. तिथे ती चित्रं काढते, बाहुल्यांशी खेळते, कधी कधी खळखळून हसतेसुद्धा. पण गोष्टी सांगत नाही. नवीन माणसाने, अगदी डॉक्टरांनी किंवा वर्गशिक्षिकेने, कशी आहेस, बाळा, एवढं विचारलं तरी ती आधी एक प्रश्न विचारते.

"तुम्ही हे लिहून बाबांना देणार का?"

डिसेंबरात त्रिवेणीने हे वसंतरावांना फोनवर सांगितलं. आता जिथे पालक जमतात तिथे ते हा प्रश्न स्वतः सांगतात. सांगायचं ते कधी टाळत नाहीत.

वाचकहो, तो प्रश्न फक्त त्यांना नाही. आपण सगळे सज्जन आहोत, नियमाने चालणारे आहोत, कुणाचं घर मोडू नये असं वाटणारे आहोत. अशाच सज्जनांच्या खोलीत एक मूल तीन वेळा बोललं आणि चौथ्यांदा बोलायचं बंद झालं. मूल सांगतं तेव्हा त्याचं एकदाच, नीट ऐकावं, त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि १०९८ ला फोन करावा. न्याय करणारे त्या कामासाठी बसलेले आहेत, त्यांना तो करू द्यावा. माधवीने बाहीखालचे वळ पाहिले त्या रविवारपासून तो फोन होईपर्यंत छत्तीस दिवस गेले. त्यातला एकही दिवस आता सायलीला कुणी परत देऊ शकत नाही.